पंचायत समितीत काम अडतं कुठं? आधी ‘हेड’ विचारा

अमळनेर तालुक्यात बोरी नदीकाठच्या एका ग्रामपंचायतीवर नव्याने निवडून आलेल्या ताईंनी विचारलं आहे: गावापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर भिलाटी, म्हणजे भिलांची वस्ती, आहे. वाट काळ्या मातीची, पावसाळ्यात बैलगाडीही रुतते. पाणी गावातल्या टाकीवरून डोक्यावर न्यावं लागतं. ग्रामसेवक म्हणतात पंचायत समितीत जा, पंचायत समिती म्हणते जिल्हा परिषदेत विचारा आणि जिल्हा परिषदेतले भाऊसाहेब म्हणतात आमदारांचं पत्र आणा. मग पंचायत समिती असते कशाला? आणि मार्च 2022 मध्ये मुदत संपून प्रशासक बसल्यावर दाद मागायची कोणाकडे?

ताई, तिघांपैकी कोणीही तुमच्याशी खोटं बोललेलं नाही. पण तुम्हाला जे विचारायला हवं होतं ते एकानेही विचारलं नाही: हे काम कोणत्या हेडमध्ये बसवायचं? हेड म्हणजे लेखाशीर्ष. आमच्या खात्यात माणूस कामाला लागला की पहिल्या महिन्यात हाच शब्द शिकतो. गावातला माणूस मात्र पाच वर्षं सदस्य राहून घरी जातो, तरी त्याला तो कोणी सांगत नाही. रस्त्याला निधी आहे की नाही या प्रश्नाला उत्तर नसतं. अमुक हेडमध्ये निधी आहे का आणि त्या हेडची यादी कोणाच्या टेबलावर तयार होते, या प्रश्नाला उत्तर असतं.

मी धुळे जिल्हा परिषदेत पंचायत विस्तार अधिकारी म्हणून लागलो तेव्हा नंदुरबार वेगळा झाला नव्हता. तो 1 जुलै 1998 ला झाला. एका कोपऱ्यात धडगाव-मोलगीचे पाडे आणि दुसऱ्या कोपऱ्यात शिरपूर-शिंदखेड्याची कापसाची गावं, असा तो जिल्हा. पुढे बढतीवर जळगावकडे सहाय्यक गटविकास अधिकारी म्हणून आलो. तिन्ही जिल्ह्यांत कायदा एकच असला तरी कागदाची चाल वेगळी, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

पंचायत समितीकडे पैसा का नसतो, ते आधी सांगतो. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने तालुका पातळीवरच्या समितीला खरं बळ द्यावं असं सुचवलं होतं, आणि बऱ्याच राज्यांनी तसं केलं. महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या समितीने 1961 मध्ये अहवाल दिला की योजना आखायला आणि राबवायला जिल्हा हाच योग्य घटक आहे. त्यावरून 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेशची जुनी लोकल बोर्डं त्यात विरली. म्हणजे आपल्याकडे तिजोरी जिल्हा परिषदेकडे गेली आणि पंचायत समितीकडे अंमलबजावणी. त्याच नाईक समितीचं म्हणणं होतं की खासदार-आमदारांना जिल्हा परिषदेत स्थान नसावं. आज तुम्हाला जिल्हा परिषदेच्या जिन्यात ‘आमदारांचं पत्र आणा’ असं ऐकावं लागतं, तेव्हा हे आठवून हसू येतं.

नंतर जे काही थोडं पंचायत समितीच्या हाती येत होतं तेही मध्ये पाच वर्षं बंद झालं. केंद्राच्या चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळात सगळा निधी थेट ग्रामपंचायतीला दिला. त्या काळात निवडून आलेले गणाचे, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघाचे, सदस्य मासिक सभेला यायचे, चहा घ्यायचे आणि एकच विषय मांडायचे: आम्हाला निधी द्या. पंधराव्या आयोगात वाटणी झाली ती अशी: ग्रामपंचायतीला 80 टक्के, पंचायत समितीला 10 आणि जिल्हा परिषदेला 10. पण आयोगाची अट अशी की संस्था निवडून आलेली असली पाहिजे. प्रशासक बसले की तो 10 टक्क्यांचा हिस्साही अडतो. मुदत संपली की फक्त सभापतींची खुर्ची रिकामी होते असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात निधीही थांबतो.

मग पंचायत समिती कशाला असते? कागदासाठी असते, आणि हे मी कमीपणाने म्हणत नाही. तुमच्या गावचा जवळजवळ प्रत्येक कागद तिथून पुढे जातो. गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ हे समितीचे सचिव. ग्रामसेवकांवर त्यांचंच नियंत्रण असतं. (2024 मध्ये शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एक करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं नाव दिलं, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) प्राथमिक शाळा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, अंगणवाड्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, आरोग्य केंद्रं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, जनावरांचे दवाखाने पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे. बांधकाम आणि ग्रामीण पाणीपुरवठा यांचे उपविभाग तालुक्याला असतात, त्यांचे डेप्युटी इंजिनिअर त्याच आवारात किंवा जवळपास बसतात. ग्रामपंचायतीचं दप्तर तपासणारा विस्तार अधिकारी इथलाच. घरकुलाची यादी, हातपंप दुरुस्तीचं पथक, टंचाईत टँकरचा प्रस्ताव, विहीर अधिग्रहण, सगळं इथून. पैसा मंजूर करण्याची ताकद इथे कमी, पण प्रस्ताव अडवण्याची आणि पुढे ढकलण्याची ताकद भरपूर.

आणि एक गंमत बघा. पंचायत समितीचं कार्यालय अमळनेर शहरात असतं, पण अमळनेर शहराचा तिच्याशी संबंध नाही, तिथे नगरपरिषद आहे. शहरातला माणूस गणाला मत देत नाही. बोदवड आणि मुक्ताईनगर तर तालुक्याचीच ठिकाणं, तीही नगरपंचायती होऊन ग्रामपंचायतीतून बाहेर पडली. मोठं गाव असं बाहेर पडलं की गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ) आणि गण यांच्या सीमा बदलतात, आणि उरलेली लहान गावं भलत्याच गावांना जोडली जातात. तुमच्या गणाच्या सदस्याला तुमची भिलाटी कुठे आहे हेच माहीत नसणं त्यामुळे अगदी शक्य आहे.

आता तुमच्या रस्त्याकडे येऊ. हा एक रस्ता दिसत असला तरी कागदावर ती दोन कामं आहेत. एक, गावापासून वस्तीपर्यंतची वाट. दुसरं, वस्तीच्या आतल्या गल्ल्या. दोन्हींची हेडं वेगळी.

गावापासून वस्तीपर्यंतच्या वाटेला नंबर आहे का, हे पहिल्यांदा बघा. बांधकाम उपविभागात तालुक्याचा रस्ते नकाशा असतो. त्यात रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून नोंदलेला असेल तर त्याला क्रमांक असतो, ‘ग्रा.मा. अमुक’ किंवा ‘इजिमा अमुक’. क्रमांक असेल तर 3054 आणि 5054 या हेडमधून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला येणाऱ्या पैशातून, त्याचा विचार होऊ शकतो. क्रमांकच नसेल तर तिथे तुमचा प्रस्ताव कोणी हातात धरणार नाही. इंजिनिअर तोंडावर नाही म्हणणार नाही, पण त्याच्या तक्त्यात क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवून यादी पुढे जात नाही. क्रमांक नसेल तर आधी नोंदणीचा ठराव करा. ती वाट गावनकाशावर शिवरस्ता किंवा पाणंद असेल तर मग शासनाच्या शेत-पाणंद रस्ते योजनेचा विचार करा. तिथे तहसील कार्यालयही येतं, कारण बांधावरचा शेतकरी अर्धा मीटर सोडायला तयार नसतो आणि मोजणी लागते.

जिल्हा परिषदेतल्या भाऊसाहेबांच्या डोक्यात होतं ते 2515 चं हेड, म्हणजे गावांतर्गत मूलभूत सुविधा. तो पैसा ग्रामविकास विभागाकडून मंत्रालयातून येतो आणि व्यवहारात लोकप्रतिनिधीच्या पत्राशिवाय तिथे गावाचं नाव जात नाही. त्यांनी तुम्हाला टाळलं नाही, फक्त त्यांना माहीत असलेल्या एकाच दाराकडे बोट दाखवलं. पत्र आणायला हरकत नाही. पण त्यावरच विसंबू नका, कारण त्या दारासमोर तालुक्यातली सगळीच गावं उभी आहेत.

तुमच्या वस्तीसाठी जे दार सर्वांत आधी ठोठवायला हवं होतं, त्याचं नाव तिघांपैकी कोणीच घेतलं नाही. भिलाटीत राहणारी माणसं अनुसूचित जमातीची आहेत. वस्तीच्या आतले रस्ते, गटार, दिवे, पाणी यांसाठी आदिवासी विकास विभागाची ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा योजना आहे. जळगाव जिल्ह्यासाठी तिचा कागद यावलच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जातो. धुळे, नंदुरबार आणि तळोदा इथे अशीच प्रकल्प कार्यालयं आहेत. वस्तीतल्या आदिवासी लोकसंख्येप्रमाणे किती खर्चाचं काम घेता येईल ते ठरतं, म्हणून लोकसंख्येचा दाखला नीट लागतो. अमळनेर-पारोळ्याकडच्या बऱ्याच सरपंचांना हे ठाऊकच नसतं, कारण यावल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे सातपुडा आणि केळी येते, ते आपल्याही तालुक्याचं कार्यालय आहे हे लक्षात येत नाही. वस्ती अनुसूचित जाती किंवा नवबौद्धांची असती तर हेड वेगळं, समाजकल्याण समितीचं, ज्याला सगळे अजून दलित वस्ती म्हणतात.

नावाचा एक घोळ आधीच निस्तरा. डिसेंबर 2020 मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. अनेक ग्रामपंचायतींनी ठराव करून भिलाटीला दुसरं चांगलं नाव दिलं. निर्णय योग्यच. पण नमुना 8 च्या नोंदवहीत जुनं नाव, ठरावात नवं नाव आणि लोकसंख्येच्या दाखल्यात तिसरंच, असं झालं की प्रकल्प कार्यालय ‘वस्तीच्या नावात तफावत’ अशी त्रुटी काढून कागद परत पाठवतं. सहा महिने गेले. सगळीकडे ‘नवीन नाव, पूर्वीचे नाव अमुक’ असं एकसारखं लिहायला सांगा.

आता ठराव. माझ्या नोकरीतला मोठा भाग लोकांचे ठराव वाचण्यात गेला, त्यामुळे इथे जरा थांबतो. नेहमी येणारा ठराव असा असतो: ‘गावात विविध विकासकामे करण्यात यावीत असे सर्वानुमते ठरले.’ त्यावर कोणतंही काम होत नाही, आणि म्हणूनच कोणाच्याही सोयीचं कोणतंही काम त्यात बसवता येतं. दुसरा प्रकार म्हणजे एका ठरावात रस्ता, सभामंडप, स्मशानभूमी, व्यायामशाळा आणि संरक्षक भिंत. तो पाच हेडांचा ठराव झाला. पाच कार्यालयांत त्याच्या प्रती जातात आणि प्रत्येकजण म्हणतो, आमचा विषय यात मुख्य नाही.

ठराव असा लिहून घ्या: एक काम, एक ठराव. सुरुवात कुठून, शेवट कुठे, ढोबळ लांबी किती. जागा कोणाची: गावठाण, गायरान, खासगी की वनखात्याची, गट क्रमांकासह. खासगी असेल तर संमतिपत्र जोडलेलं. या कामासाठी आधी दुसऱ्या कोणत्या योजनेतून पैसा घेतलेला नाही, हे एक वाक्य. काम ग्रामपंचायतीने पुढे सांभाळायचं कबूल केलं आहे, हे दुसरं. खाली सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक. आणि प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, पुस्तकात मागचा ठराव संपल्यावर अर्धं पान कोरं सोडलेलं दिसलं, तर सभा उठायच्या आत तिथे आडवी रेघ मारायला लावा. ‘ऐनवेळचे विषय’ नेमके त्या कोऱ्या जागेत उगवतात, सभा होऊन आठवडा उलटल्यावर.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट उरत नाही. त्यामुळे पहिली सभा मुद्दाम तहकूब व्हावी अशी काही गावांत व्यवस्थाच केलेली असते: नोटीस चिकटते ग्रामपंचायतीच्या आतल्या भिंतीवर, दवंडी भिलाटीपर्यंत पोहोचत नाही, आणि दुसऱ्या सभेला पंधरा-वीस माणसं सगळं गाव ठरवतात. वस्तीतल्या बायकांना महिला सभेला आणणं तुमच्या हाती आहे. त्या आल्या की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ताई, मन्हं नाव यादीमा शे का?’ घरकुलाची यादी त्यांच्यासमोर वाचायला लावा. रस्त्याच्या विषयावर त्यांची सही किंवा अंगठा घ्यायलाही तीच वेळ.

ठराव झाला की गावाच्या वार्षिक आराखड्यात काम आहे का ते बघा. वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीचा पैसा आराखड्याबाहेर खर्च होत नाही आणि सगळं ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. पंधराव्या आयोगात त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि 40 टक्के अबंधित ठरला. रस्त्याला अबंधित लागतो, आणि लहान गावाच्या अबंधित पैशात जेमतेम काही मीटर काँक्रीट होतं. त्यातच काही गावांत मोटारीचं आणि पथदिव्यांचं थकलेलं वीजबिल भरायचं असतं. शासनाने आयोगाच्या पैशातून ती बिलं भरायला मुभा दिली तेव्हा महावितरण सुखावली आणि गावचे रस्ते मागे पडले, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला वाटा मात्र विसरू नका: 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचाच असतो. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीच होत नसेल तर या टक्क्यांना अर्थ उरत नाही. नमुना 9 मागवा, मागणी किती आणि वसूल किती ते कळेल. थकबाकीदारांच्या नावांत वस्ती कमी आणि वाडे जास्त निघाले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

पुढची चाल ठरलेली आहे: शाखा अभियंता जागेवर येऊन एस्टिमेट करतो, तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग वर्क ऑर्डर. काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि बिल. यातलं सर्वांत अवघड म्हणजे पहिलं पाऊल, इंजिनिअर जागेवर येणं. एकेका शाखा अभियंत्याकडे भरपूर गावं असतात. मोजणी टेबलावर बसून झाली की चूक शेवटी बिलात सापडते. त्याला घेऊन वस्तीपर्यंत पायी जा, शक्यतो पावसाळा सरता सरता, वाटेत पाणी असताना. मोऱ्या किती लागतील हे त्याला तेव्हाच दिसतं. उन्हाळ्यात केलेल्या एस्टिमेटात मोरी नसते, आणि मोरीशिवायचा रस्ता पहिल्या पावसात बोरीच्या वाटेला लागतो.

‘निधी नाही’ या उत्तराचा आणखी एक अर्थ लक्षात ठेवा: दायित्व. जिल्हा परिषदेला नियोजन समितीकडून आलेला पैसा खर्च करायला दोन वर्षं मिळतात. त्यामुळे मागच्या वर्षी मंजूर केलेल्या कामांची बिलं यंदाच्या पैशातून जातात, आणि नव्या कामांना उरतं ते थोडं. म्हणून प्रश्न विचारताना असं विचारा: या हेडचं यंदाचं नियोजन किती, दायित्व वजा जाता किती उरलं, आणि आमच्या कामाचा यादीतला क्रमांक कोणता? समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे तुमच्या हाती एक चांगली दोरी आहे. जलजीवन मिशन 2019 पासून आहे, दर माणशी दर दिवशी 55 लिटर नळाने द्यायचं. तुमच्या गावच्या योजनेचा प्रकल्प अहवाल ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागातून बघून घ्या आणि त्यात भिलाटीची घरं धरली आहेत का ते तपासा. बऱ्याच ठिकाणी जलवाहिनी गावठाणाच्या शेवटच्या घरापर्यंत येऊन थांबलेली असते. गाव ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. वस्तीत नळाला पाणी येईपर्यंत तो ठराव होऊ देऊ नका. ठेकेदाराला आणि खात्याला तो कागद हवा असतो, आणि त्यासाठी ते तुमच्याकडे येतील. तोवर हातपंप बंद असेल तर पंचायत समितीच्या पथकाकडे तक्रार द्या, पण ग्रामपंचायतीने देखभाल-दुरुस्तीची वर्गणी भरली आहे का ते आधी बघा, नाहीतर पथक येऊनही परत जातं.

हे सगळं अमळनेरसारख्या तालुक्याचं झालं. सातपुड्यात चित्र वेगळं. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे पूर्ण तालुके, आणि शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे नियम लागू होतात. धडगावकडे एक ग्रामपंचायत म्हणजे डोंगरावर विखुरलेले पाडे. ग्रामपंचायतीचं कार्यालय एका पाड्यात, आणि दुसऱ्या पाड्यातून तिथे यायला अर्धा दिवस. पेसात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हावा असा ठराव पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी करून तो प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट येतो तो याच गावांना. वनजमिनीतून रस्ता न्यायचा असेल तर लोक ‘फॉरेस्ट देणार नाही’ म्हणून बसून राहतात. वनहक्क कायद्याच्या कलम 3 (2) मध्ये शाळा, रस्ता, दवाखाना, पाण्याची टाकी अशा कामांसाठी एक हेक्टरपर्यंतची वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस असेल, एवढीच मुख्य अट. उपवनसंरक्षकांच्या पातळीवर ते होतं, दिल्लीला जावं लागत नाही. अंगणवाडीसाठी ही वाट वापरली जाते, रस्त्यासाठी क्वचितच कोणी वापरतं.

प्रशासकाचा प्रश्न उरला. पंचायत समितीची मुदत संपली की बीडीओच प्रशासक, आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी तिकडचे प्रशासक. ज्या माणसाने प्रस्ताव तपासायचा त्यानेच सभेच्या नावाने मंजूर करायचा. मासिक सभा होते, पण त्यात उठून बोट दाखवणारं कोणी नसतं. सभापती-सदस्यांवर लोक कितीही वैतागोत, मासिक सभेत ‘अमुक शाळेला शिक्षक का नाही’ असं विचारून गटशिक्षणाधिकाऱ्याला उभं करणारा सदस्य मी पाहिला आहे, आणि त्या आठवड्यात शिक्षक मिळालेलाही पाहिला आहे. प्रशासक चांगला असला तरी ती भीती निर्माण होत नाही.

अशा काळात दोन जागा उरतात. एक आमसभा: पंचायत समितीची आमसभा आमदारांच्या अध्यक्षतेखाली वर्षातून एकदा भरते, सगळी खाती समोर बसतात आणि कोणीही नागरिक प्रश्न विचारू शकतो. प्रश्न आधी लेखी द्या, म्हणजे उत्तर लेखी यावं लागतं. तोंडी विचारलेल्याला ‘बघून घेतो’ एवढंच मिळतं. आमसभा झालीच नसेल तर ती का झाली नाही, हाच पहिला लेखी प्रश्न. दुसरी, जी सदस्य असतानाही कोणी वापरत नाही, ती सरपंच समिती. 1961 च्या कायद्यातच आहे: तालुक्यातले किमान 15 किंवा एकूण सरपंचांच्या एक पंचमांश, यांपैकी जास्त संख्येने सरपंच, आणि अध्यक्ष उपसभापती. पंचायत समितीला सल्ला देण्याचं काम. कागदावर जवळजवळ सगळीकडे, प्रत्यक्षात फारच थोड्या ठिकाणी. तुमच्या सरपंचांना विचारा, या समितीची बैठक शेवटची कधी झाली. विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर येणार असली की मात्र हिचं इतिवृत्त रातोरात तयार होतं, भिंतींना रंग लागतो आणि माझ्यासारख्या निवृत्तांनाही जुन्या फायली कुठे आहेत म्हणून फोन येतात.

सरपंच थेट निवडून आलेला असल्यामुळे सदस्याचं काही चालत नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. थेट निवड 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली. तिच्यामुळे सरपंच बळकट झाला हे खरं. पण ठराव सभेतच होतो, आणि खर्चाला मासिक सभेची मान्यता लागते. तुमचा विरोध असेल तर ‘विरोध नोंदवावा’ एवढंच म्हणून थांबू नका, कारणासह दोन ओळी लेखी द्या आणि त्या इतिवृत्ताला जोडायला लावा. लेखापरीक्षणाला लोकल फंडवाले येतात तेव्हा सगळ्यात आधी तेच पान वाचतात.

आता या महिन्यात करायचं ते. भिलाटीच्या आतल्या कामासाठी एक ठराव यावलच्या प्रकल्प कार्यालयासाठी, वाटेच्या क्रमांकासाठी दुसरा बांधकाम उपविभागासाठी. दोन्हींच्या दोन-दोन प्रती करा. पंचायत समितीत प्रस्ताव देताना तो कोणाच्या हातात देऊ नका, आवक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ‘साहेबांकडेच ठेवून जा’ असं कोणी म्हटलं तर गोड बोलून परत आवक टेबलावर या. महिन्याने त्या आवक क्रमांकाचा आधार देऊन विचारा. उत्तर आलं नाही तर माहितीचा अर्ज: प्रस्तावावरची टिपणी, काढलेली त्रुटी असल्यास त्या पत्राची प्रत, आणि त्या हेडच्या मंजूर कामांची यादी. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. भिलाटीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या एखाद्या माणसाच्या नावाने अर्ज केला तर दाखल्याची प्रत जोडून तोही लागत नाही. 30 दिवसांत माहिती, नाहीतर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, आणि तिथेही काही झालं नाही तर राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ. बहुतेक वेळा अपिलापर्यंत जावं लागत नाही. अर्ज आवक झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाखा अभियंता विचारतो, ताई, जागा बघायला कधी येऊ?